नानांच्या फाईलमधलं पान: आयसीयूत भेटणाऱ्या जंतूंची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "म्हणजे" काढून टाकलेत.

आज सुरुवात एका फाईलपासून. प्लास्टिकची निळी फाईल आहे, कडा फाटलेल्या. ती आमच्या कळंबच्या घरी कपाटात सातबारा आणि रेशनकार्डासोबत ठेवलेली असते. २०१४ सालची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सोयाबीनवर फवारणी करत होते. दुपारची वेळ, वारा अंगावर येणारा, तोंडाला नुसता रुमाल. संध्याकाळी घरी आले ते घामाघूम. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. रात्री श्वास लागला.

कळंबात डॉक्टरांनी ताबडतोब अ‍ॅट्रोपिन सुरू केलं आणि म्हणाले, "पुढं हलवा, व्हेंटिलेटर लागणार आहे." आमच्याकडं "पुढं" हा एक पत्ताच आहे. पुढं म्हणजे लातूर, नाहीतर अंबाजोगाई, नाहीतर बार्शी, नाहीतर सोलापूर. गाडीवाला कुठला रस्ता धरतो आणि कुणाचा कोण ओळखीचा निघतो, त्यावर ठरतं. नानांना एका मोठ्या शहरातल्या आयसीयूत दाखल केलं. त्या हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही. एक तर त्यांनी नानांना त्या रात्री मरू दिलं नाही, हे खरं आहे. आणि दुसरं, पुढं जे झालं ते फक्त तिथंच होतं असं नाही.

चौथ्या दिवशी नानांनी डोळे उघडले. मी तेव्हा सोळा वर्षांचा. मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी दाबला. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, नाना वाचले. काकूंनी येडेश्वरीला नवस बोलून टाकला. सहाव्या दिवशी ताप आला. नळीतून हिरवट पिवळा कफ यायला लागला. एक्स-रेत फुप्फुस पांढरं दिसायला लागलं. सतराव्या दिवशी नाना गेले.

गावात आजही म्हणतात, "नाना औषधानं गेले." आमच्याकडं कीटकनाशकाला औषधच म्हणतात. मृत्यूच्या कागदावरही विषबाधाच लिहिलंय. पण फाईलमध्ये एक पान आहे, कफाच्या कल्चर रिपोर्टचं. वर एक नाव, अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाऊमानी. खाली पंधरा-सोळा अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकापुढं एक अक्षर. आर, आर, आर, आर. सोळाव्या वर्षी मला वाटलं होतं की आर म्हणजे राइट, म्हणजे सगळी औषधं बरोबर लागू पडतायत. आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे हे औषध चालणार नाही, हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. सगळ्या यादीत फक्त एका नावापुढं एस होता, कोलिस्टिन.

म्हणजे नाना विषानं आत गेले, पण विषानं गेले नाहीत. शेतातल्या फवाऱ्यातून जे शरीरात गेलं त्यातून ते चौथ्या दिवशी बाहेर येत होते. जो आजार त्यांना घेऊन गेला तो त्यांना आयसीयूतच भेटला. आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आजचा भाग यावरच आहे: हा दुसरा आजार आला कुठून, आणि तो सांगितला का जात नाही.

यासाठी आधी पावणेदोनशे वर्षं मागं जाऊ. व्हिएन्ना, १८४७.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. कोणत्या दिवशी आलेली बाई कुठल्या वॉर्डात जाणार ते वारावर ठरायचं. बायका गुडघे टेकून विनवण्या करायच्या, पहिल्या वॉर्डात नको. कारण बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण पहिल्या वॉर्डात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. रस्त्यात बाळंत झालेली बाईसुद्धा पहिल्या वॉर्डातल्या बाईपेक्षा सुरक्षित, अशी परिस्थिती. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर तिथं नोकरीला होता. त्याला हे झोपू देत नव्हतं.

उत्तर मिळालं ते एका मित्राच्या मरणातून. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याला लागली होती. त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतज्वरानं गेलेल्या बायकांसारखेच होते. सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला: पहिल्या वॉर्डातले डॉक्टर सकाळी प्रेतं फाडतात आणि त्याच हातांनी बायकांना तपासायला येतात. सुईणी प्रेतांना हात लावत नाहीत. जंतू नावाची गोष्ट तेव्हा कुणाला माहीत नव्हती. त्याला एवढंच वाटलं की हाताला काहीतरी लागून येतंय. मे महिन्याच्या मध्यापासून त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये पहिल्या वॉर्डातला मृत्युदर १८.३ टक्के होता. जुलैमध्ये १.२.

आता इथं थोडं थांबा, कारण ही गोष्ट शाळेत सांगतात ती "हात धुवा" एवढ्यावर संपते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सेमेलवाइसला हे दिसलं कारण त्या हॉस्पिटलात आकडे लिहून ठेवले जात होते. दोन वॉर्ड, महिन्यामहिन्याची नोंद, किती आल्या, किती गेल्या. वही नसती तर त्या बायका "देवाची मर्जी" म्हणून गेल्या असत्या. आणि त्याचं म्हणणं वरिष्ठांच्या गळी उतरलं नाही त्याचं कारणही तेवढंच साधं होतं. ते मान्य करायचं म्हणजे "आपल्या हातांनी माणसं मेली" हे मान्य करायचं. कुठल्याही काळात, कुठल्याही देशात हे गिळणं अवघड. सेमेलवाइस स्वतःही फार तिखट बोलायचा, लोकांना खुनी म्हणायचा, त्यानं आगीत तेल पडलं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला, तोही चिघळलेल्या जखमेनं.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, आपल्याकडं कल्याणला आनंदीबाई जोशी जन्मल्या. हा नुसता योगायोग आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. तोपर्यंत लिस्टरनं १८६७ मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिडनं जखमा धुवायची पद्धत छापून झाली होती, पाश्चरनं बाळंतज्वराच्या साखळीसारख्या जंतूंचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं होतं. ज्या गोष्टीसाठी सेमेलवाइसची नोकरी गेली, ती त्याच्या मरणानंतर वीस वर्षांत पाठ्यपुस्तकात आली.

बरं. मग जंतू कळले, हात धुणं आलं, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. प्रश्न मिटायला हवा होता. तो का मिटला नाही, त्यासाठी कोपनहेगनला जावं लागतं. कारण आयसीयू नावाची खोलीच तिथं जन्मली.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडम हॉस्पिटलमध्ये रोज पोरं यायची, ज्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले. पहिल्या तीन आठवड्यांत असे ३१ रुग्ण आले, त्यातले २७ गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्यानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद द्यायला लावला, श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी फुगा हातानं दाबून तिला श्वास द्यायला सुरुवात केली. ती जगली. मग साधारण दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं, रात्रंदिवस, हातांनी फुगे दाबत बसले. मरणाचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. १९५३ मध्ये इब्सेननं अशा रुग्णांसाठी वेगळी खोली सुरू केली. पुढं हाताच्या जागी मशीन आलं. नानांचा जीव पहिल्या रात्री वाचला तो याच शोधानं. कीटकनाशकाचं विषही शेवटी श्वासाचे स्नायूच लुळे पाडतं, त्यामुळे आपल्या भागातल्या व्हेंटिलेटरवर फवारणीचे पेशंट नेहमीचेच.

पण गळ्यातली नळी म्हणजे उघडं दार. तुम्हाला मला ठसका लागतो, खोकला येतो, नाकात केस आहेत, घशात चिकट द्रव आहे. ही सगळी राखण आहे. नळी ही राखण ओलांडून थेट फुप्फुसाच्या तोंडाशी जाते. लघवीची नळी तेच करते, मानेतली किंवा छातीतली मोठी सलाईनची लाईन तेच करते. शिवाय नळीच्या आतून एक बुळबुळीत थर बसतो. शेतकऱ्यांच्या पोरांना हे समजावून सांगायला नको. ठिबकच्या लॅटरल आतून कशा बुळबुळीत होतात, नुसतं पाणी सोडून निघत नाही, अ‍ॅसिड सोडावं लागतं? तसंच. त्या थरात जंतू दडून बसतात आणि अँटिबायोटिक वरून वाहून जातं. फरक एवढाच की माणसाच्या नळीत अ‍ॅसिड सोडता येत नाही. नळी काढणं हाच उपाय, आणि नळी काढता येत नाही म्हणून तर माणूस आयसीयूत आहे.

हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. १९६० च्या दशकातच अमेरिकेतल्या डॉक्टरांना दिसलं की श्वासाच्या मशीनला ओलावा देणाऱ्या भांड्यांत जंतू वाढतायत आणि मशीन ते थेट फुप्फुसात फवारतंय.

जंतू कोणते? नावं लांबलचक आहेत, पण प्रत्येकाचा राहायचा पत्ता लक्षात ठेवला की ओळख पटते. स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या कातडीवर आणि नाकात राहतो. क्लेबसिएला आतड्यात. स्युडोमोनास ओल्या जागेत, बेसिन, नळ, ओल्या बाटल्या. आणि नानांच्या कागदावरचा अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्याची खुबी अशी की तो कोरड्या जागेवर टिकतो. पलंगाची दांडी, मॉनिटरची बटणं, पडदा, चादर, तिथं तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. या घराण्यातल्या जंतूचं पहिलं वर्णन १९११ मध्ये बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं केलं, मातीतून काढून. नावाचा अर्थ "न हलणारा". अनेक वर्षं त्याला कुणी धोकादायक मानलं नव्हतं. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. तो थांबतो. कुणाच्या तरी गळ्यात नळी जायची वाट बघतो.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या औषधांची सगळ्यात तातडीची गरज असलेल्या जंतूंची यादी काढली. कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर त्यात अगदी वरच्या गटात होता.

कार्बापेनेम हा शब्द आला, तर आता मुंबईला येऊ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं आपल्यासाठी सगळ्यात मोठं प्रकरण तिथलं आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे.

कार्बापेनेम म्हणजे इमिपेनेम, मेरोपेनेम वगैरे. ही १९८० च्या दशकापासून आलेली, शेवटच्या फळीची इंजेक्शनं. बाकी सगळं फसलं की ही काढायची. २००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला, ज्याला ही औषधंही लागू पडत नव्हती. तो माणूस त्याआधी दिल्लीच्या हॉस्पिटलात राहून आला होता. त्या जंतूकडं एक नवीन एन्झाइम होतं, जे कार्बापेनेमचा रेणूच तोडून टाकतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, न्यू दिल्ली मेटॅलो बीटा लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. आणि ते बनवायची कृती ज्या जीनमध्ये होती तो जीन प्लास्मिड नावाच्या सुट्या डीएनएच्या कड्यावर होता. म्हणजे एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ती कृती पाठवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच म्हणा. पाठवणारा आणि घेणारा एकाच घरातले असायची गरज नाही.

त्यानंतर मुंबईत माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, त्यात पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज, राजीव सोमण ही मंडळी होती, स्वतःच्याच हॉस्पिटलातले जंतू तपासले. २००९ मध्ये तीन महिन्यांत कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने मिळाले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. हे त्यांनी मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापलं. त्याच अंकात चेन्नईच्या अब्दुल गफूर यांनी अग्रलेख लिहिला, मथळ्याचा अर्थ होता, अँटिबायोटिक्सच्या मृत्यूचा मृत्युलेख.

बघा, काय केलं होतं या लोकांनी. आपल्या घरातला कचरा आपणच उचलून दारात आणून दाखवला होता. बाहेरच्या कुणी बोट दाखवायच्या आधी. हे करायला छाती लागते, विशेषतः खासगी हॉस्पिटलात काम करताना. मार्चमध्ये कुणी फारसं हललं नाही.

हलले ते ऑगस्टमध्ये. ११ ऑगस्ट २०१० ला लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या अंकात एक मोठा लेख आला. एनडीएम-१ चे चेन्नईत ४४, हरियाणात २६, ब्रिटनमध्ये ३७ आणि भारत-पाकिस्तानातल्या इतर ठिकाणी ७३ नमुने. आणि दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर जो गदारोळ सुरू झाला तो जंतूबद्दल नव्हता. तो नावाबद्दल होता. राजधानीचं नाव का दिलं? भारतात स्वस्तात ऑपरेशनला येणारे परदेशी पेशंट तोडायचा हा डाव आहे का? संसदेत प्रश्न निघाले, आरोग्य खात्यानं निषेध केला. लेखाचा पहिला लेखक स्वतः चेन्नईचा संशोधक होता, हे कुणी ऐकून घेतलं नाही. जानेवारी २०११ मध्ये लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन दिल्लीत आले आणि नाव देण्यात चूक झाली असं म्हणून त्यांनी माफी मागितली. तीन महिन्यांनी दुसरा लेख आला, दिल्लीतल्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तो जीन सापडला होता. त्यावरही पुन्हा तोच वाद.

एखाद्या शहराचं नाव रोगाला चिकटवू नये, हे मलाही पटतं. पण नावाच्या भांडणात सहा महिने गेले आणि हिंदुजाच्या त्या २२ नमुन्यांवर चर्चा झालीच नाही, हेही खरं. व्हिएन्नातही हेच झालं होतं. डॉक्टरांना वाटलं आपली अब्रू जातेय. इथं देशाला वाटलं.

अर्थात अगदीच काही झालं नाही असं नाही. २०१२ मध्ये चेन्नईत डॉक्टरांच्या संघटना एकत्र येऊन जाहीरनामा निघाला. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स विकताना मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची. नाना आयसीयूत गेले ते त्यानंतर सहा महिन्यांनी. २०१७ पासून दिल्लीचं एम्स आणि आयसीएमआरनं मोठ्या रुग्णालयांत आयसीयूतल्या संसर्गाची एका पद्धतीनं मोजणी सुरू केली. सुरुवातीच्या अहवालात २६ रुग्णालयांतले ८९ आयसीयू होते. एवढ्या मोठ्या देशात ८९ म्हणजे काहीच नाही. तुम्ही लातूर, बार्शी, सोलापूरच्या कुठल्याही दवाखान्याच्या रस्त्यावरून चालत जा आणि "आयसीयू" लिहिलेल्या पाट्या मोजा. त्यातल्या किती ठिकाणी व्हिएन्नासारखी वही असेल?

मग कोविड आला. २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये आयसीएमआरशी जोडलेल्या दहा रुग्णालयांत १७,५३४ कोविड रुग्ण दाखल झाले. त्यातल्या ३.६ टक्के लोकांना तिथं दुसरा जंतुसंसर्ग झाला. आकडा लहान वाटतो ना? पण या ३.६ टक्क्यांतले ५६.७ टक्के दगावले. सगळ्या दाखल रुग्णांचं मरणाचं प्रमाण १०.६ टक्के होतं. सगळ्यात जास्त सापडलेले जंतू कोण, तर क्लेबसिएला आणि त्याच्यामागं अ‍ॅसिनेटोबॅक्टर. त्या वर्षी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत कुणी ना कुणी "कोविडनं गेलं". काहींच्या फाईलमध्ये नानांसारखं एक पान असणार.

आता कोलिस्टिनबद्दल, कारण यादीतला एकुलता एक एस तोच होता. हे औषध नवीन नाही, उलट फार जुनं. १९४९ मध्ये जपानमध्ये सापडलं. किडनीला इजा करतं म्हणून १९७० च्या दशकात मागं पडलं. दुसरं काही उरलं नाही म्हणून परत बाहेर काढलं. आपल्याकडं कोंबड्यांच्या खाद्यातही ते जात होतं, २०१९ मध्ये त्यावर बंदी आली. पप्पा आणि थोरले चुलते रात्री अकराला मेडिकल शोधत फिरले होते ते याच इंजेक्शनसाठी. ते सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत फाईलमधला क्रिएटिनिनचा आकडा चढत गेलेला दिसतो. म्हणजे फुप्फुस वाचवताना किडनी जात होती.

नवीन औषधं येतायत, आणि एक आपल्या मराठवाड्यातून येतंय हे सांगायला बरं वाटतं. छत्रपती संभाजीनगरला वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथं झायडेबॅक्टम नावाचा रेणू तयार झाला. तो सेफेपिम या जुन्या औषधासोबत दिला की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या बऱ्याच जंतूंवर चालतो, असं प्रयोगांत दिसलंय, आणि २०२५ मध्ये कंपनीनं त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकालही जाहीर केले. पण खरं सांगू? इब्सेनपासून आजपर्यंतचा हिशोब बघितला तर जंतू नेहमी औषधाच्या एक पाऊल पुढं राहिलाय. मेथिसिलिन आलं आणि दोनेक वर्षांत, १९६१ मध्ये, त्याला न जुमानणारा स्टॅफ ब्रिटनमध्ये सापडला. त्यामुळे मला औषधापेक्षा मिशिगनची गोष्ट जास्त भरवशाची वाटते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोवोस्ट या डॉक्टरनं १०३ आयसीयूंत एक यादी लावली. मोठी सलाईनची लाईन घालताना पाच गोष्टी: हात धुवा, कातडी क्लोरहेक्सिडीननं पुसा, टोपी-मास्क-गाऊन आणि पूर्ण चादर वापरा, जांघेतून लाईन घालायचं टाळा, गरज संपली की लाईन काढा. यात नवीन एकही गोष्ट नाही. नवीन होतं ते असं की डॉक्टरनं एखादी पायरी चुकवली तर नर्सनं त्याला थांबवायचं, आणि प्रत्येक आयसीयूनं दर महिन्याला आपले आकडे द्यायचे. २००६ मध्ये निकाल छापले गेले. दर हजार लाईन-दिवसांमागं २.७ असलेला रक्तसंसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. शून्य!

ही गोष्ट जगभर पोचवली ती अतुल गावंडे यांनी. बोस्टनचे सर्जन, पण वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांच्या "बेटर" या पुस्तकात हात धुण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात ते सांगतात की त्यांच्या हॉस्पिटलात हात धुण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेलं, तरी संसर्ग अजिबात कमी झाला नाही. कारण उरलेले ३० टक्के पुरेसे असतात. आणि त्याच पुस्तकात ते नांदेडच्या सरकारी रुग्णालयात जातात, जिथं ५०० खाटा होत्या आणि सर्जन फक्त नऊ. एका नर्सकडं आठ-दहा पेशंट असले तर प्रत्येक पेशंटमध्ये हात धुवायला तिनं वेळ आणायचा कुठून, हा प्रश्न मी स्वतः एका नर्सताईंना विचारला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्हीच मोजा."

म्हणून कुणा एकाला पकडून दोष द्यायला माझं मन होत नाही. खरं तर मला स्वतःचीच शंका येते. त्या चौथ्या दिवशी मी आत गेलो होतो, नानांचा हात धरला होता. दारात हॅंडरबची बाटली होती, मी ती वापरली नाही. ती कशासाठी असते हेच माहीत नव्हतं. शेजारच्या पलंगावर आमच्याच तालुक्यातले एक आजोबा होते, आधी त्यांच्या पलंगाच्या दांडीला हात लावून "बरंय का" विचारलं, मग नानांकडं गेलो. एका डॉक्टर मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, असे जंतू बहुतेक वेळा तिथल्याच वस्तूंवरून आणि तिथं काम करणाऱ्यांच्या हातांवरून जातात, एकट्या तुझ्या हातानं गेलं असं कुणी म्हणू शकणार नाही. म्हणू शकणार नाही हे ठीक. पण नव्हतंच असंही कुणी म्हणू शकणार नाही. त्या आयसीयूत शेजारच्या पेशंटचा जंतू आणि नानांचा जंतू एकच होता का, हे तपासून बघायची सोय आणि नोंद, दोन्ही नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस आज आत असेल तर एवढं करा. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा, मनगटापर्यंत. पलंगावर बसू नका, नळ्यांना हात लावू नका, एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाऊ नका, आणि बाहेर वीस पाहुणे उभे असले तरी आत एकच जण जा, पाळी लावा. रोज शांतपणे विचारा: आज कुठली नळी निघू शकते का? कल्चर पाठवलंय का, त्यात काय आलं? भांडायच्या सुरात नको. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात, मी अनुभवानं सांगतो.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी कळंबला गेलो होतो. काकूंना ते पान दाखवलं. आरचा अर्थ सांगितला, एसचा सांगितला. नळीचं सांगितलं, ठिबकचं उदाहरण देऊन. त्या बराच वेळ कागदाकडं बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आर कुठला ते कळल्यावर त्यांनी बोट ठेवून ते एकेक मोजले.

मग म्हणाल्या, "म्हणजे चौथ्या दिवशी ते खरंच बरे झालते?"

मी म्हणलं, "होय काकू. बरे होत होते."

"मला तेवढंच पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "समदे म्हणायचे, तुला भास झाला."

चौथ्या दिवशी माझ्यानंतर पाच मिनिटं त्या आत गेल्या होत्या, हे मी विसरूनच गेलो होतो.